मागच्या बाईचा पदर

ही ऐकीव गोष्ट नाही. गुंजन माझी चुलत बहीण. लहानपणापासून तिला ओळखतो. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून जाणारी पोरगी ती. तिनं हे मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज कापत होता.

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. गावाचं नाव मात्र मी सांगणार नाही. ते घर तिथंच आहे आणि त्यात माणसं राहतात.

जानेवारी २०२१. संक्रांत होऊन गेलेली. कोरोनाची पहिली लाट ओसरली होती. लोक मास्क हनुवटीवर ओढून फिरायला लागले होते.

गुंजन आणि तिचा नवरा विनोद नागपूरला राहतात. लॉकडाऊनमध्ये घरात बसून बसून जीव विटला, तेव्हा दोघांनी सायकली घेतल्या. मधून घडी पडते तसल्या, लहान चाकांच्या. मागे छोटं कॅरियर. त्या घेऊन दोन दिवस कुठंतरी जायचं ठरलं. गुंजन म्हणाली, शालूकडे जाऊ.

शालू तिची कॉलेजची मैत्रीण. लग्न होऊन भंडारा जिल्ह्यात गेलेली. सिहोऱ्याच्या पुढे, बपेऱ्याच्या वाटेवर तिचं सासर. नवरा राजकुमार, घरची धानाची शेती. घरात तिघंच होती. शालू, राजकुमार आणि त्याची आई शकुनबाई.

शकुनबाई सप्टेंबरात गेल्या.

कोरोनानं. नागपूरच्या एका दवाखान्यात आणलं होतं. राजकुमार बाहेर झाडाखाली बसून राहायचा. आत जायची परवानगी नव्हती. एका सकाळी फोन आला. घाटावर दुरूनच एक बांधलेली पिशवी दाखवली, आणि तीही उचलून आत नेली.

चेहरा दाखवला नाही.

त्या दिवसांत कोणालाच दाखवत नव्हते. राजकुमार तसाच गावी परतला. मायले घरी आणता आलं नाही, एवढंच एक वाक्य तो महिनोन् महिने बोलत होता. जेवण सुटलं, झोप उडाली. गुंजन त्याच शहरात असून जाऊ शकली नव्हती. म्हणून तिला जायचंच होतं.

शनिवारी दुपारची गाडी. रिझर्वेशनशिवाय तेव्हा आत घेत नव्हते. डबा अर्धाअधिक रिकामा. सायकलींच्या घड्या घालून दाराजवळ ठेवल्या आणि दोघं खिडकीशी बसले. समोरचा बाक मोकळा होता.

गाडी हलायच्या आधी विषय शकुनबाईंचाच निघाला. त्यांचा जीव घराकडे लागला असेल, विनोद म्हणाला. गुंजननं खिडकीबाहेर बघत उसासा टाकला.

"कोणीतरी न्यायला पाहिजे होतं न घरी," ती म्हणाली.

तेवढ्यात...

समोरच्या बाकावर काचेच्या बांगड्या किणकिणल्या.

एकदाच. कोणी हात उचलून पदर सारखा करावा तसा आवाज.

गुंजननं वळून पाहिलं. बाक रिकामा. पलीकडच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ तोंडावर रुमाल घेऊन झोपले होते. असेल कोणाचं तरी, म्हणून तिनं सोडून दिलं. गाडी सुटली.

तुमसर रोडला उतरायला उशीर झाला. गाडी मध्येच थांबून राहिली होती. ऊन उतरलं होतं. फलाटावर सायकली उघडल्या, पिशव्या पाठीला लावल्या आणि निघाले.

गुंजननं पहिलं पायडल मारलं आणि सायकल हललीच नाही.

तिला वाटलं ब्रेक चिकटला. उतरून चाक फिरवलं. चाक मोकळं फिरत होतं. विनोदनं हवा दाबून पाहिली. हवा बरोबर होती. मग तो स्वतः बसून स्टेशनच्या आवारात एक गिरकी मारून आला. सायकल वाऱ्यासारखी पळाली.

"घरात बसून बसून पाय गेले तुझे," तो हसून म्हणाला.

ती परत बसली. पुन्हा जड.

नुसती जड नाही. मागून जड. कॅरियरवर कोणी एका बाजूला पाय सोडून बसलं की सायकल जशी जराशी कलते... तशी.

ती तशीच रेटत निघाली. विनोदला काय सांगणार होती?

तुमसर गेलं. राइस मिलचा भुशाचा वास मागे पडला. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, मध्येच एखादा तलाव, त्याच्या पाळीवर बगळे. थंडी वाढत होती, पण गुंजनच्या अंगाला घाम फुटला होता. विनोद बराच पुढे गेला होता.

रस्त्यात खड्डा आला की सायकल आदळायची. आणि दर आदळण्यासोबत मागून...

किण.

काचेच्या बांगड्या.

तिनं मागे पाहायचं टाळलं. तिनं मला सांगितलं, "दादा, भीती वाटत नव्हती तेव्हा. कोणाला तरी सोबत घेऊन चाललीये असंच वाटत होतं. खड्डे चुकवून चालवत होती मी. तिला लागू नये म्हणून."

तिला.

सिहोऱ्याच्या अलीकडे उजेड उतरायला लागला. मागून एक मोटरसायकल आली. एकटाच माणूस, कानाला मफलर गुंडाळलेला. तो तिच्या बरोबरीला आला, वेग कमी केला, आणि रस्त्यावर कोणीही सांगतं तसं सहज म्हणाला,

"ओ ताई, मागच्या बाईले पदर सांभाळाले सांगा. चाकात जाऊन राहिला."

आणि तो पुढे निघून गेला.

गुंजनच्या अंगावर ट्रॅकपँट आणि जॅकेट होतं. ओढणीसुद्धा नव्हती.

सायकल चालतच होती. तिनं खाली पाहिलं नाही, मागेही पाहिलं नाही. फक्त मागे कापडाची हालचाल ऐकू आली. कोणीतरी पदर ओढून मांडीवर घेतला.

किण... किण...

तिथून घरापर्यंत तिनं कशी सायकल चालवली ते तिला आठवत नाही. सिहोऱ्याच्या चौकात विनोद चहाला थांबणार होता. ती थांबली नाही. थांबले तर मागची उतरेल, आणि उतरून समोर येईल, असं तिला वाटलं.

गावात शिरले तेव्हा घराघरांत दिवे लागले होते. शालूचं घर गावाच्या टोकाला, पुढे अंगण. राजकुमार ओसरीवर बसला होता. गुंजननं त्याला ओळखलंच नाही, इतका वाळला होता तो.

सायकल अंगणात आली आणि...

कॅरियरची स्प्रिंग खाडकन वाजली. सायकल एकदम हलकी झाली. इतकी हलकी की गुंजनचा तोल गेला आणि विनोदनं धावत येऊन तिला धरलं.

राजकुमार उठून उभा राहिला होता. तो या दोघांकडे पाहत नव्हता. अंगणातून ओसरीवर, ओसरीवरून उघड्या दारात, अशी त्याची नजर हळूहळू सरकत गेली. कोणी चालत जाताना आपण बघतो तशी.

"आत गेलं कोणी," तो म्हणाला.

शालू स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या जवळून गार हवा गेल्यासारखी तिनं अंग आकसलं.

गुंजनला राहवलं नाही. ती ओसरीच्या पायरीवर बसली आणि तिनं सांगून टाकलं. सायकल जड झाल्याचं, मोटरसायकलवाल्याचं, पदराचं. बांगड्यांचं सांगायला तिनं तोंड उघडलं होतं. पण राजकुमार मध्येच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"माय आली," तो म्हणाला. "शालू, माय घरी आली माही."

विनोदला हे सगळं थकव्यानं झालं असं वाटत होतं, तरी तो जाऊन राजकुमारजवळ बसला.

त्या रात्री राजकुमार पोटभर जेवला. मायच्या नावानं एक ताट वाढून स्वयंपाकघरात ठेवलं आणि अंथरुणावर पडला तो सकाळी ऊन येईपर्यंत उठला नाही. शालूनं गुंजनचा हात धरून सांगितलं, सप्टेंबरपासून हा माणूस असा झोपलाच नव्हता.

सकाळी दोघं पुरुष शेतावर गेले. घरात गुंजन आणि शालू. भिंतीवर शकुनबाईंचा फोटो होता, हार घातलेला. गुंजननं त्यांना लग्नाच्या गर्दीत एकदाच पाहिलं होतं, चेहरा लक्षात नव्हता. ती जवळ गेली.

खुर्चीवर बसलेल्या किडकिडीत बाई. दोन्ही हात मांडीवर.

मनगटं मोकळी.

गुंजन बघतच राहिली. मग तिनं शालूला विचारलं, त्या बांगड्या घालत नव्हत्या का कधी?

शालू म्हणाली की सासरे गेले तेव्हा राजकुमार पाळण्यात होता. तेव्हापासून त्यांनी काचेची बांगडी हाताला लावली नाही. लोक म्हणायचे, आता कोण पाळतं एवढं, घाला. पण त्या ऐकायच्या नाहीत. मनगटात काही वाजलं की मले सहन होत नाही, म्हणायच्या.

गुंजनला सायकलीमागची किणकिण आठवली.

ती खाली बसली. शालू तिच्या समोर बसली आणि तिनं गुंजनचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. काय झालं म्हणून विचारायला ती तोंड उघडणार, तेवढ्यात...

स्वयंपाकघरात बांगड्या वाजल्या.

भांडं उचलून परत ठेवावं तसा आवाज. सावकाश. घरातल्या बाईनं सकाळचं काम काढावं तसा.

घरात तिसरं कोणी नव्हतं. शालूचे दोन्ही हात गुंजनच्या हातांत होते.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. कोणी उठलं नाही. शालूचा चेहरा पांढरा पडला होता, पण तिनं डोळे वटारून नकारार्थी मान हलवली. बोलू नको.

थोड्या वेळानं आवाज थांबला.

"रात्रीच ऐकलं मी," शालू अगदी हळू म्हणाली. "वाटलं होतं, तुह्या बांगड्या असतीन."

गुंजननं मनगट पुढे केलं. एका हातात घड्याळ, दुसरा रिकामा.

दुपारी गुंजन आणि विनोद निघाले. सायकल पिसासारखी हलकी चालली. राजकुमार वेशीपर्यंत सोडायला आला. उपकार केलेत म्हणून तो गुंजनच्या पाया पडायला वाकला, तेव्हा ती मागे सरकली. आलेली त्याची माय नव्हे, हे सांगायचं तिच्या ओठावर आलं होतं. पण त्याचा चेहरा कसा निवळला होता, ते पाहून ती तशीच सायकलवर बसली.

आज त्याला काही वर्षं झाली. राजकुमार ठणठणीत आहे, शेती बघतो. रोज ताट वाढून आधी स्वयंपाकघरात ठेवतो, जाता-येता "माय, येतो" म्हणतो. त्या घरात कोणाला काही त्रास नाही. कोणी पडलं नाही, कोणी आजारी झालं नाही. संध्याकाळी फक्त बांगड्या वाजतात. राजकुमारला त्या ऐकू येतात की नाही, हे शालूनं त्याला कधी विचारलं नाही.

ती कोण? कोणाची बायको, कोणाची आई? दवाखान्यात शकुनबाईंच्या शेजारच्या खाटेवर होती का? तिला आपलं घर सापडलं नाही, की गुंजनचं बोलणं ऐकून तिला आपल्यालाच नेताहेत असं वाटलं? मला माहीत नाही. गुंजनलाही नाही.

मागच्या महिन्यात गुंजनला शालूचा फोन आला होता. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. या वर्षी धान कसा झाला, मागाहून झालेल्या पोरीला शाळेत कुठं टाकलं. फोन ठेवायच्या आधी ती जराशी थांबली.

"गुंजन, एक इचारू?" ती म्हणाली. "ही इकडं आली... तर आमची माय कोणाच्या घरी गेली असन?"

गुंजननं फोन कानाशी घट्ट धरला.

फोनच्या पलीकडे, शालूच्या अगदी जवळ, कोणीतरी हात उचलल्यासारख्या बांगड्या किणकिणल्या.

आणि बांगड्यांसोबत पहिल्यांदाच एक हुंदका ऐकू आला.

तो शालूचा नव्हता.