खालच्या मजल्यावरचा चमचा

टिंग…

टिंग… टिंग…

काचेच्या ग्लासवर कुणी चमचा वाजवावा, तसा आवाज.

घर इतकं शांत होतं की मी दचकले. पण उठले नाही.

त्या न उठण्याबद्दलच हे सगळं लिहायचंय.

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी यात काहीही रंगवलेलं नाही, तेवढा वेळच नाही माझ्याकडे. मुलगी झोपली की लिहिते, जागी झाली की वही मिटते. आज लिहायला बसल्याची चौथी दुपार.

तारीख पक्की आठवते. १३ फेब्रुवारी २००७, मंगळवार. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.

अमेरिकेत ओहायोत, कोलंबसजवळच्या डब्लिनपासून दीड तासावर, एका शेतकरी गावात आम्ही तेव्हा राहत होतो. विनयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिथल्या कारखान्यात प्रोजेक्ट मिळालं होतं. गावात भाड्याने मिळाली ती एकच जागा. चर्चला लागून असलेल्या फादरांच्या घराचा वरचा मजला.

खाली फादर लाम्बर्ट एकटे राहायचे. वय एक्क्याऐंशी. जर्मनीतल्या एका खेड्यात ते तरुणपणी पाद्री होते. या गावातले म्हातारे घरी जर्मन बोलायचे, त्यांना त्यांच्या भाषेतला फादर हवा होता, म्हणून हे आले. दोन-चार वर्षांसाठी आले आणि पंचेचाळीस वर्षं राहिले. आता ती म्हातारी माणसं गेली होती. रविवारी चर्चमध्ये जेमतेम वीस डोकी. उन्हाळ्यात चर्च बंद होणार होतं.

मला व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती. विनय सकाळी सातला जायचा. दिवसभर मी, साडेतीन वर्षांची इशिता, आणि खाली फादर. इशिता त्यांना फादरआजोबा म्हणायची. मी रोज वाटीभर वरण-भात खाली न्यायचे.

एकदा लिंबाचं लोणचं दिलं. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या.

"चारुता, पापाबद्दल मीसुद्धा लोकांना एवढी कडक शिक्षा देत नाही," म्हणाले. आणि वाटी पुन्हा पुढे केली.

एका दुपारी त्यांनी कपाटाचा खालचा खण उघडून दाखवला. आत लाकडी पेटी. पेटीत पांढरंशुभ्र इस्त्रीचं कापड, दोन मेणबत्त्या, काचेचा ग्लास, चांदीचा चमचा.

"आमच्या खेड्यात प्रत्येक घरी हे असायचं. घरातलं माणूस शेवटचं आजारी पडलं की टेबलावर हे मांडायचे आणि मला बोलवायचे. शेवटची प्रार्थना म्हणायला, चमचाभर पाणी पाजायला मी बर्फातून मैलभर चालत जायचो. दारातून ते पांढरं कापड दिसलं, की कळायचं, इथे माझी वाट बघतायत."

मग कापडाच्या घडीवरून हात फिरवत म्हणाले,

"किती जणांजवळ बसलो, मोजलं नाही. माझ्याजवळ कोण बसेल?"

मी म्हटलं, "फादर, असं काय बोलता?"

"दुसरा फादर चाळीस मैलांवर असतो. पाच चर्चं आहेत त्याच्याकडे. बिचारा वेळेवर यायचा नाही. तू फक्त हे टेबल मांडशील? म्हणजे मला दिसेल, की कुणीतरी मांडलंय."

मी हो म्हटलं.

त्यांच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं.

त्या मंगळवारी पहाटेपासून बर्फ पडत होतं. विनय आदल्या दिवशी कोलंबसला गेला होता, तिथेच अडकला. इशिताला दोन दिवस ताप. रात्रभर ती झोपली नव्हती, मीही नव्हते. दुपारी कुठे माझ्या मांडीवर डोकं ठेवून तिचे डोळे मिटले.

आणि खालून…

टिंग… टिंग…

मला वाटलं, फादर चहा ढवळतायत. आपल्याकडे दुपारी तीनला दुसरं काय वाजणार?

पुन्हा… टिंग.

या वेळी जरा थांबून. जरा हळू.

मनात आलं, जाऊन बघावं. पण मांडी हलली असती तर पोर उठली असती. मी तिला थोपटत राहिले. पाचच मिनिटं, म्हटलं.

आवाज थांबला.

मी खाली गेले तेव्हा सव्वाचार झाले होते.

फादर खुर्चीत बसले होते. तोंड दाराकडे.

हात बर्फासारखा गार.

टेबल रिकामं. चहाचा कप नव्हता. ग्लास नव्हता. चमचाही नव्हता…

मला काही सुचेना. पायच वर पळाले. देवघरातली गंगेची लोटी घेतली, खिडकीतल्या सुकलेल्या तुळशीचं एक पान तोडलं. खाली येऊन त्यांच्या ओठांवर ठेवलं. माझ्या आजोबांना आईने ठेवलं होतं, तसंच. मग फोन केले.

त्या घाईत पांढरं कापड मला आठवलंच नाही.

बर्फ काढणाऱ्या गाडीमागून दुसरे फादर सहाला पोचले. तरुण होते, दमलेले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं.

"मांडलं नाही? मला म्हणाले होते, वरची मुलगी मांडणार आहे."

मी खण ओढला. पेटी उघडली.

कापडाची घडी तशीच. मेणबत्त्या तशाच.

ग्लास मात्र… आतून ओला होता.

रात्री डॉक्टरांनी सांगितलं, फादर सकाळी दहाच्या सुमारास गेले असावेत. खुर्चीतच, झोपेत, शांतपणे.

सकाळी दहा.

विनय फोनवर म्हणाला, "अगं, मग तुझी काय चूक? तीनला तू गेली असतीस तरी काय करणार होतीस? सोड आता."

मी सुटले म्हणे.

पण मग तीनला कोण बोलवत होतं? गेल्यावरही पाच तास ते दाराकडे बघत बसले होते का? कुणीतरी येऊन एक कापड तेवढं पसरेल म्हणून?

आणि ते तुळशीचं पान… त्यांना चाललं असेल ना?

त्यांचं पुढेमागे कुणी नव्हतं. तरुण फादरांनी पेटी मलाच दिली. त्याच वर्षी आम्ही शिकागोजवळ शॉमबर्गला आलो. नवी अपार्टमेंट, खाली जिम, शेजारी आपली माणसं. शेजारच्या शुभाकाकूंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "दृष्ट काढ पोरीची, आणि ती पेटी दान कर बाई."

मला करवत नाही.

अधूनमधून, दुपारी, घरात कुणी नसताना…

टिंग…

स्वयंपाकघरात जाऊन बघते. सगळे चमचे खणात.

गेल्या गुरुवारी इशिताला पुन्हा ताप होता. आता ती पाच वर्षांची आहे. मांडीवर झोपली होती. मायक्रोवेव्हच्या घड्याळात ३:१०.

टिंग… टिंग…

या वेळी मी उठले. तिचं डोकं अलगद उशीवर ठेवलं. पेटी काढली. डायनिंग टेबलावर पांढरं कापड पसरलं, मेणबत्त्या लावल्या. ग्लास भरला, शेजारी चमचा ठेवला. खुर्ची दाराकडे तोंड करून ओढली.

"फादर," मी म्हटलं, "मांडलंय बघा."

कुणी आलं नाही. काही हललं नाही. फक्त आवाज थांबला.

खूप वेळाने मला रडू आलं. वाटलं, झालं. पोचलं त्यांच्यापर्यंत.

तोंड धुऊन मी खोलीत आले.

इशिता टक्क जागी होती. छताकडे बघत होती.

"इज ही हॅपी नाऊ?"

"कोण गं?"

"फादरआजोबा."

तिच्यापुढे मी हा विषय कधीच काढलेला नाही.

"तू झोप बाळा. ताप आहे ना तुला."

"आई, त्या दिवशीपण मी झोपले नव्हते. आय वॉज जस्ट क्लोजिंग माय आईज. मी तुला म्हटलं, फादरआजोबा बोलवतायत. तू म्हणालीस, शूऽऽ."

ती माझ्याकडे वळली.

"मी तर जागीच होते, आई. मग तू का नाही गेलीस?"