बंद केबिनमधली माणसं

कान तपासायच्या त्या दवाखान्यात सगळ्यांच्या आधी ती पोचायची. कुलूप काढायचं, खिडक्या उघडायच्या, हेडफोनच्या गाद्या स्पिरिटनं पुसायच्या आणि मग तपासणीच्या केबिनमध्ये स्वतः बसून मशीन नीट चालतंय का ते ऐकायचं, हा तिचा नेम. केबिन जेमतेम एका खुर्चीची. भिंतींना जाड फोम, एक काच आणि असं दार, की ते लागलं की स्वतःचं आवंढा गिळणंसुद्धा ऐकू यावं.

ती शांतता तिला हवीशी वाटायची. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा त्याची उजवी बाजू गेली, वाचा गेली. दिवसा एक बाई येऊन बसायची. बाकी सगळं हिच्यावर. नणंद फोनवर म्हणायची, "वहिनी, तू आहेस म्हणून दादा आहे." ते ऐकलं की ही घाईनं फोन ठेवून द्यायची.

एका सकाळी मशीनच्या दोन सुरांमधल्या शांततेत एक बाई बोलली.

"माझं बाळ मला आवडतच नव्हतं. पाळण्यापाशी गेले की हात गार पडायचे. कुणाला सांगणार? आता तो माझ्यापेक्षा उंच झालाय. काल न सांगता माझा चष्मा दुरुस्त करून आणला."

मग पुन्हा सूर सुरू झाला.

कुठलातरी रेडिओ पकडला जात असणार, असं म्हणून तिनं वायरी तपासल्या. दुसऱ्या दिवशी एक पुरुष बोलला. नोकरी गेल्याचं घरात लपवून तो रोज डबा घेऊन बागेत जाऊन बसायचा. बायकोला ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, आणि तरी ती रोज डबा भरत राहिली होती.

तिनं मशीन दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्यानं सगळं उघडलं, जोडलं, मग हेडफोन लावून आत बसला. बराच वेळ झाला तरी उठेना. काचेतून तिला त्याची नुसती पाठ दिसत होती.

"मशीनला काही झालेलं नाही, ताई," बाहेर आल्यावर तो म्हणाला.

"मग आवाज कुठून येतो?"

त्यानं हत्यारं पिशवीत भरली. दारापाशी थांबून म्हणाला, "भावाकडे जाऊन येतो. बोलणं बंद आहे आमचं." आणि मग, खाली बघत, "ते तसंच राहू द्या."

तिनं राहू दिलं. आवाज रोज नवा, नाव कधीच नाही. कुणी आपल्याच हातून घडलेलं सांगायचं, कुणी नुसतं मनात आलेलं. सगळे आज जगत होते, चहा करत होते, कुणाची तरी वाट बघत होते. सकाळी केबिनमधून बाहेर पडताना तिचा जीव हलका झालेला असायचा. घरी नवऱ्याला भरवताना ती पुन्हा गुणगुणायला लागली. दाढी करताना, "काय चिकणे दिसताय हो," म्हणून चेष्टाही करू लागली. त्या अनोळखी माणसांचे उपकार कसे फेडावेत, ते तिला कळेना.

म्हणून एका सकाळी ती बंद केबिनमध्ये मोठ्यानं म्हणाली, "तुम्ही जे कोण असाल, तुमच्यामुळे मी उभी आहे."

सूर थांबला.

मग श्वास ऐकू आले. एकाचा नाही, पुष्कळांचे. अगदी जवळून. खोलीभर माणसं अंग चोरून बसावीत तसे.

"बोला," कुणीतरी हळूच म्हणालं.

तिचा हात दाराकडे गेला. पण ती उठली नाही.

"एका सुट्टीच्या दुपारी ते झोपले होते," ती म्हणाली. "मी उशी उचलली. त्यांच्या तोंडावर ठेवायला. किती वेळ तशीच उभी होते कुणास ठाऊक. मग परत ठेवली."

श्वास एकेक करून विरत गेले. त्यानंतर केबिनमध्ये तिला कधीच काही ऐकू आलं नाही.

पुढच्या महिन्यात एका आजींना त्यांची सून घेऊन आली. आजारपणात दोन्ही कान गेलेल्या. हिनं आजींच्या कानाला हेडफोन लावले, खुणांनी समजावलं आणि मशीन सुरू केलं. आवाज चढवत शेवटपर्यंत नेला. सूर ऐकू आला की दाबायचं बटण आजींनी एकदाही दाबलं नाही. मात्र काचेपलीकडे त्या मान हलवत होत्या, मधेच पदरानं डोळे टिपत होत्या.

बाहेर आल्यावर त्यांनी हिचा हात धरला.

"इतक्या वर्षांनी माणसाचा आवाज ऐकला, बाळा. कुणीतरी बाई होती. उशीचं सांगत होती. माझ्याही सासूच्या वेळी..." त्यांनी पदर सावरला. "भेटली तर तिला सांग, मला फार बरं वाटलं. आणि तिचा माणूसही बोलला गं शेवटी."

"काय म्हणाला?" विचारूनही उपयोग नव्हता, आजींना ऐकू येत नव्हतं. पण त्यांना ओठांवरून कळलं.

"म्हणाला, मी जागाच होतो. तिला लाज वाटू नये म्हणून डोळे मिटून घेतले."

संध्याकाळी घरी जाऊन ती चप्पल न काढताच पलंगापाशी उभी राहिली. दिवसाची बाई निघून गेली होती. नवरा तिच्याकडे बघत होता.

"तुम्ही जागे होतात?" तिनं विचारलं.

हळूहळू, मुद्दाम, त्यानं डोळे मिटून घेतले.