ताशी चौऱ्याण्णव

स्कीच्या डोंगरावर एकट्यांच्या रांगेत उभं राहिलं, की वर नेणाऱ्या लिफ्टच्या दोघांच्या खुर्चीत शेजारी कोण येणार हे नशीब ठरवतं. मारेनच्या नशिबात त्या शनिवारी सकाळपासून दोन गप्पिष्ट काकू आणि एक सारखे शिंकणारे आजोबा आले होते. आणि मग... तो आला.

उंच, सडसडीत. गॉगल कपाळावर, पापण्यांवर बर्फाची भुकटी, डाव्या मनगटावर निळा पट्टा.

"बसा, बसा," लिफ्टवरचा म्हातारा ऑर्व्हिल ओरडला. "आमचं रॉकेट निघालं. अगं पोरी, उतारावर माझी गाडीसुद्धा एवढी पळत नाही."

मारेन कशीबशी हसली. खुर्चीनं दोघांना मागून अलगद उचललं. स्की हवेत लोंबू लागल्या. त्या मुलानं दातांनी हातमोजा ओढून काढला आणि फोन चाचपला.

"मेला," तो म्हणाला.

"कोण?"

"फोन. सकाळी तर भरलेला होता."

"बाहेरच्या खिशात ठेवलास ना? थंडीत बॅटरी अशीच मान टाकते. आत ठेवायचा, छातीपाशी. उबेत."

"तू फोनांची डॉक्टर आहेस का?"

"फक्त सर्दीच्या पेशंटांची."

तो हसला, आणि हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडली. एकाच! मारेनला वाटलं, हा अन्याय आहे, दोन असत्या तर निदान बघायची सवय तरी झाली असती. गेल्या हिवाळ्यातली मारेन अशा मुलाशेजारी बसून स्वतःच्या बुटांशी बोलली असती. पण गेल्या दोन आठवड्यांत ती बदलली होती. मान वर करून चालायला लागली होती, कँटीनमध्ये मोठ्यानं हसायला लागली होती. कशामुळे... ते आठवायचं ती टाळायची.

"मी ईमन," त्यानं फोन जॅकेटच्या आत सरकवला. "नाताळनंतर आलोय इथे. आणि रॉकेट म्हणजे... थांब. मारेन? ती चौऱ्याण्णववाली?"

तिनं मान हलवली.

खोऱ्यातल्या प्रत्येक पोराच्या फोनमध्ये ते ॲप होतं. स्की करताना ते खिशात बसून मोजत राहायचं: किती फेऱ्या, किती उंची, किती वेग. आणि त्यात आपल्या डोंगराची यादी. सगळ्यात वर मारेन, ताशी चौऱ्याण्णव किलोमीटर. तिच्याखाली ईमन, एकाहत्तर.

खरं काय ते फक्त मारेनला माहीत होतं. त्या दिवशी ती ॲप बंद करायला विसरली होती, एवढंच. इथे सगळ्यांचंच कधी ना कधी होतं तसं. बाबांच्या पिकअपमध्ये मांडीवर फ्राइजचा पुडा घेऊन ती बसली होती, घाट संपल्यावरच्या सरळ रस्त्यावर बाबांनी एका दुधाच्या ट्रकला मागे टाकलं, आणि खिशातल्या ॲपला वाटलं, काय पळतेय ही पोरगी. बाकीचे असा आकडा दिसला की हसतात आणि पुसून टाकतात. मारेनही पुसणारच होती. पण सोमवारी शाळेच्या स्की टीममधल्या ग्रेटानं तिच्यासाठी टेबलावर जागा धरली. यापूर्वी कुणी, कधीच धरली नव्हती. "गाडीतला आकडा नाही ना गं?" ग्रेटानं विचारलं. आणि मारेन म्हणाली, "नाही."

एक शब्द. पण तेव्हापासून तो तिच्या मागे-मागे घरी यायचा.

"हे बघ, तुझी कृपा." ईमननं निळा पट्टा दाखवला. "काल तुला गाठायचं म्हणून वळणं न घेता सरळ सोडल्या स्की. मी एकीकडे, स्की दुसरीकडे, आणि मनगट तिसरीकडे."

मारेनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हेल्मेट होतं म्हणून बरं.

"दुखतंय?"

"हसलो की दुखतं. म्हणजे तुझ्या शेजारी बसणं धोक्याचंच." त्यानं तिच्याकडे तिरकं पाहिलं. "शिकव ना मला. धुराड्यावरून तू सरळ कशी उतरतेस? गुडघे किती वाकवतेस?"

धुराडं म्हणजे डोंगराच्या माथ्यावरची ती अरुंद, उभी वाट. मारेन आजवर तिथे फक्त फोटो काढायला गेली होती.

"वाकवते... बऱ्यापैकी," ती पुटपुटली.

"ठीक. आज पुन्हा जाणार. फक्त फोन उबू दे."

खाली पाइनची झाडं पाठीवर बर्फ घेऊन गप्प उभी होती. सांग, मारेन. आत्ता सांग. पण तो इतका कौतुकानं बघत होता... आणि खुर्ची माथ्यावर पोचलीसुद्धा.

ईमननं जॅकेटमधून फोन काढला. पडदा उजळला.

"जिवंत झाला. डॉक्टर, मानलं तुला." तो सरकत धुराड्याच्या कडेशी गेला आणि त्यानं गॉगल डोळ्यांवर ओढला. दुखरं मनगट त्यानं एकदा झटकलं आणि ओठ चावला. ते मारेननं पाहिलं.

"ईमन, थांब."

"शुभेच्छा देतेयस?"

"ती पिकअप होती."

"कुठली पिकअप?"

"बाबांची. चौऱ्याण्णव म्हणजे... ती पिकअप होती. ॲप चालूच राहिलं. मी फ्राइज खात होते."

ईमननं सावकाश गॉगल वर केला.

"म्हणजे मी मनगट मुरगाळून घेतलं ते एका गाडीशी शर्यत लावून."

"हो."

"गाडी तरी चांगली आहे का?"

"जुनी आहे. हीटर चालत नाही."

तो हसला नाही. खळी पडली नाही. जमिनीत शिरायचं म्हटलं तरी खाली नुसता बर्फ.

"मला राग आलाय," तो म्हणाला.

"यायलाच हवा. ग्रेटानं मला विचारलं होतं. तिच्याशीही खोटं बोलले."

"मग पूस तो आकडा. आत्ता, माझ्यासमोर."

मारेननं फोन काढला. काळा, थंडगार. तिनं बटण दाबलं, पुन्हा दाबलं.

"मेला," ती म्हणाली.

"बाहेरच्या खिशात होता?"

"हं. दर खुर्चीत काढत होते. यादीत माझं नाव... बघायला."

हे सांगायची काही गरज नव्हती. पण एकदा खरं बोलायला लागलं, की मधेच कुठे थांबायचं ते कळेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि गॉगल आतून धुरकटला.

ईमननं हात पुढे केला, तिचा फोन घेतला आणि जॅकेटची चेन उघडून आत ठेवला. स्वतःच्या फोनला खेटून.

"छातीपाशी. उबेत," तो म्हणाला. "एका डॉक्टरनं सांगितलंय. चल, सोप्या वाटेनं उतरू. पुढे तू हो. तुझ्यावर माझा विश्वास नाही."

ती पुढे झाली. रुंद, शांत वाट... डावं वळण, उजवं वळण, स्कीखाली कुरकुरणारा बर्फ. त्याला मुद्दाम सावकाश यावं लागत होतं. अर्ध्या वाटेत मागून आवाज आला, "वळणं छान घेतेस गं तू. कुठल्याच यादीत येत नाही हे." ती इतकी लाजली, की पुढचं वळण चुकलंच.

खाली लिफ्टच्या रांगेत तोबा गर्दी होती. पुढेच टीमच्या मुलींबरोबर ग्रेटा. ईमननं कोमट फोन मारेनच्या हातात ठेवला. यादी उघडली, तिनं बोट टेकवलं... चौऱ्याण्णव नाहीसे झाले. मारेन पार तळाला गेली, शिकाऊ मुलांमध्ये.

"काय रॉकेट," ऑर्व्हिल ओरडला. "आज किती?"

नुसतं हसून भागलं असतं.

"रॉकेट नाही, ऑर्व्हिल. आमची पिकअप होती ती. ग्रेटा, तू विचारलं होतंस, मी खोटं सांगितलं."

ऑर्व्हिल गुडघ्यावर हात मारून हसला. रांगेत कुणीतरी खिदळलं. ग्रेटानं भुवया उंचावल्या, पाठ फिरवली आणि खुर्चीत बसून निघून गेली. सोमवारी टेबलावर जागा नसणार, हे त्या पाठीवर स्पष्ट लिहिलेलं होतं.

मारेन गुपचूप एकट्यांच्या रांगेत शिरली. गाल पेटलेले, मान खाली, नजर बुटांवर. रांग सरकत गेली. तिची पाळी आली.

"एकटी?" ऑर्व्हिलनं विचारलं.

ती 'हो' म्हणणार, तोच बाजूला बर्फ कुरकुरला आणि निळ्या पट्ट्याचा हात तिच्या हाताला लागला.

"दोघं," ईमन म्हणाला.

खुर्चीनं त्यांना उचललं. मारेनला वर बघायचा धीरच होईना.

"माझा राग गेलेला नाही हां," तो म्हणाला. "तो जायला चार-पाच फेऱ्या तरी लागतील."

"आणि गेल्यावर?"

"मग हीटर नसलेली ती पिकअप बघायचीय मला. फ्राइजसकट." तो थांबला. "ॲप बंद करून."

तिनं हळूच मान वर केली. खळी परत आली होती.