बिदऱ्याची आडवाट

कोरेवाडीला वळू हवा होता. बहात्तरच्या दुष्काळानं अणदूरच्या वरच्या अंगाला डोंगरात वसलेल्या या वाडीचे गोठे असे धुऊन नेले होते की उरलेल्या गायी फळवायला पंचक्रोशीत एक वळू सापडेना. शेवटी दूध सोसायटीनं ठरवलं, सरहद्दीपलीकडून, बिदरच्या बाजूनं, अस्सल देवणी वळू आणायचा.

ठरवलं कसलं! तारामतीनं भांडून भांडून ठरवायला लावलं. तिच्या दावणीच्या सगळ्या जनावरांपैकी दोनच गायी वाचल्या होत्या. वासरं झाली तर संसार पुन्हा उभा राहणार, नाही तर दुसऱ्याच्या बांधावर खुरपं घेऊन जन्म काढायचा. म्हणून ती स्वतःच निघाली. संगतीला तिचा सासरा धुळाप्पा, आयुष्यभर मेंढरांमागं डोंगर तुडवलेला म्हातारा, आणि सोसायटीचा चिटणीस पिराजी. तिघांनी मिळून वळू पसंत केला. पांढराशुभ्र, वशिंडाचा, तोंड तेवढं काळं. बिदरचा म्हणून नाव पडलं बिदऱ्या.

सरहद्दीच्या नाक्यावर जनावरांच्या डॉक्टरनं त्याला लस टोचली, खूर पाहिले, जबडा उघडून पाहिला.

"वळू निरोगी आहे," तो म्हणाला, "पण सडकेकडेच्या गावांत लाळ्या-खुरकूत फुटलीय. ट्रकमध्ये घालू नका, आजारी जनावरं त्यातूनच फिरलीत. गावच्या हौदावर पाणी नको, कुणाचा चारा नको, दुसऱ्या जनावराची शिवाशिव नको. घरी पोचलात की तीन आठवडे वेशीबाहेर. आणि वाटेत लाळ गाळायला लागला, तर जिथं असाल तिथंच थांबायचं. एक पाऊल पुढं टाकायचं नाही!"

सांगणं सोपं हो! पहिल्याच गावात बायका घागरी घेऊन धावत आल्या. असला देखणा नंदी दारात, त्याला पाणी पाजल्याशिवाय कोण सोडतं? ऐन उन्हाळ्यात, दोन कोसांवरून आणलेलं पाणी! तारामतीनं आडवे हात केले.

"नका बायांनो, पाया पडते. रोगाचं भ्या हाय."

"आमच्या घागरीत रोग?" एक म्हातारी कडाडली. "चांगली शहाणी दिसतीस!"

गावाबाहेर आल्यावर धुळाप्पानं कपाळाला हात लावला. "पोरी, शिव्या खाणाऱ्याचं पोट भरतं म्हनं, पर सडकेनं गेलो तर दर गावात ह्येच. डोंगरातनं जाऊ. वाट वंगाळ हाय, पर माणूस न्हाय आन् ढोर न्हाय."

आणि तिघं बालाघाटात शिरली.

ते डोंगर लांबून गरीब दिसतात. आत शिरावं तेव्हा कळतं! तापलेले काळे कातळ, पायाखाली निसटणारा मुरूम, बोरीबाभळीचे काटे, वर आभाळात एक घार, आणि सगळीकडं इतकी शांतता की बिदऱ्याच्या खुरांचा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत यावा. पाण्यासाठी धुळाप्पा एकेका घळीत उतरे. कपारीतलं झिरपणारं पाणी वाटीवाटीनं पोहऱ्यात भरी, आणि बिदऱ्या तो एका घोटात रिकामा करी. म्हातारा हसे, "घे राजा. तुझ्यासाठी आमी मेलो तरी चालंल!"

सोबतचा कडबा संपला. मग दुष्काळातली विद्या कामी आली. फड्या निवडुंगाची पानं तोडायची, जाळावर काटे भाजून काढायचे, आणि जनावराला खाऊ घालायचं. एका उंच कड्याखाली पिराजीनं जाळ केला. तारामती काठीच्या टोकाला एकेक फड घेऊन भाजत होती. अर्धी पानं झाली, अर्धी राहिली, तोच वारा फिरला. धूर कड्याला चाटत वर गेला.

धुळाप्पानं मान वर केली आणि त्याचा चेहराच उतरला. कपारीला सुपाएवढं काळं काहीतरी लटकत होतं, आणि ते हलत होतं.

"आग्या मोहोळ! घोंगड्या घ्या! पळा!"

पुढचं बोलायला वेळच नव्हता. घूं घूं करत काळा लोट खाली आला. पिराजी घोंगडीत गुंडाळून झुडपात पडला. धुळाप्पा दगडाआड सरपटला. बिदऱ्याच्या पाठीवर पहिला डंख बसला, तसा त्यानं जो हिसडा दिला! कासरा तारामतीच्या हातातून सटकला. शेपूट वर करून बिदऱ्या घळीतून खाली उधळला.

तारामती मागं धावली. कानाला डंख! मानेला डंख! ती थांबली नाही. कारण घळीच्या तोंडाशी तिला दिसलं होतं ते माश्यांपेक्षा भयंकर होतं. खालच्या वाडीची गुरं! चांगली चाळीसभर, विहिरीवरच्या हौदाला तोंड लावून उभी.

"बिदऱ्या! थांब रे बाबा!"

तो कशाला थांबतोय! कासरा दगडांवरून साप पळावा तसा पळत होता. तारामतीनं अंग झोकून दिलं. कोपरं सोलली, पण टोक मुठीत आलं! ती फरफटली. शेजारून बाभळ गेली. तिनं कासऱ्याचा वेढा बुंध्याला टाकला आणि दोन्ही पाय रोवले. बाभळ करकरली. कासरा ताणला. बिदऱ्या थांबला. हौद हाकेच्या अंतरावर राहिला होता.

गुराखी धावत आला. "आक्का, लई लागलं व्हय? आना हिकडं त्याला. पानी पाजा."

"जवळ येऊ नगा!" तारामती धापा टाकत ओरडली. "तुमची गुरं लांब घ्या!"

गुराख्याचं तोंड कडू झालं. "आमचं पानी चालत न्हाय?"

तोवर सुजलेल्या डोळ्यांचा पिराजी येऊन पोचला होता. तो शांतपणे म्हणाला, "पाणी नाकारल्याचं दुःख काय असतं ते मला विचारा, दादा. आमच्या बापजाद्यांनी जन्मभर सोसलंय. पण हितं माणसाचा विटाळ न्हाय, जनावराचा रोग हाय. तुमची गुरं बी वाचावीत म्हणूनच म्हणतोय."

गुराख्यानं शीळ घालून गुरं वळवली.

तिन्हीसांजेला तिघं कोरेवाडीसमोरच्या टेकाडावर पोचली. मधे एक घळ, पलीकडं गाव. बिदऱ्या भुकेनं हंबरत होता. धुळाप्पानं घोंगडीत बांधून आणलेली मघाची उरलेली पानं तारामतीनं घाईघाईनं भाजली आणि हातानं त्याला चारली.

सकाळी ती उठून त्याच्याजवळ गेली. बिदऱ्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. समोरच्या पोहऱ्याला तो तोंड लावत नव्हता.

"उनाचं झालं आसंल," धुळाप्पा चाचरत म्हणाला. "गावात नेऊ, हळदीचं पानी पाजू."

"न्हाय मामा. एक पाऊल बी न्हाय."

आपण भांडून आणलेला वळू! याच्यापायी आता सगळ्या वाडीचे गोठे बसणार की काय? पिराजीनं डबक्यावर हातपाय खसाखसा धुतले, कपडे बदलले आणि गावाला वळसा घालून नळदुर्गच्या डॉक्टरकडं सुटला.

पलीकडच्या उतारावर सारा गाव जमला. पोरं घळीत उतरायला लागली, तशी तारामती हातात धोंडे घेऊन उभी राहिली.

"जो खाली उतरंल, त्याचं टाळकं फोडीन! जनावर आजारी हाय! मागं व्हा!"

उन्हं कलता कलता पिराजीच्या मागून डॉक्टर टेकाड चढून आला. घामानं निथळत होता. त्यानं बिदऱ्याचा ताप पाहिला, चारी खुरांच्या बेचक्या पाहिल्या, ओठ उलटून हिरड्या पाहिल्या.

"जबडा धरा," तो म्हणाला. धुळाप्पा आणि पिराजीनं धरला. डॉक्टरनं हात आत घातला, जीभ ओढली, चिमट्यानं काहीतरी उपसलं, आणि तळहातावर ठेवून तारामतीसमोर धरलं.

बोटाच्या पेराएवढा निवडुंगाचा काटा!

"फोड नाही, ताप नाही, खूर स्वच्छ. जिभेखाली हा घुसला होता. भाजायला कोण होतं?"

तारामतीनं काट्याकडं पाहिलं, आपल्या हातांकडं पाहिलं, आणि मटकन खाली बसून तिनं मोठ्यानं गळा काढला. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना.

पलीकडच्या गावाला मात्र रडणंच ऐकू गेलं! वळू मेला! बायकांनी तिकडं एकच हंबरडा फोडला.

पिराजी कड्याच्या टोकावर धावला. दोन्ही हात तोंडाशी धरून बोंबलला, "जिता हाय! काटा हुता, काटा! रोग न्हाय!"

पलीकडून असा काही आरडाओरडा उठला की विचारता सोय नाही. कुणीतरी हलगी काढली. बिदऱ्यानं कान टवकारले, पोहऱ्यात तोंड घातलं आणि भसाभसा पाणी प्यायला लागला.

"आणा की आता!" पलीकडून सरपंच ओरडला. "रोग न्हाय तर मग थांबायचं कशाला?"

तारामतीनं पदरानं तोंड पुसलं, बिदऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे! भाकरी तेवढ्या त्या दगडावर ठेवून जावा!"