अजून उघडला नाही

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि ती थापा मारणाऱ्यातली नव्हे.

वीज उपकेंद्र. मंगळवार, दुपारचे सव्वादोन. डोळे दिपवणारं ऊन.

म्हणजे भुताखेतांची वेळच नव्हती.

ती तिथे ऑपरेटर. तिचा थोरला भाऊही तिथेच होता. काम त्यानेच शिकवलं. वाहता प्रवाह तोडायचा तो ब्रेकरने. तो पुरता थांबला की मगच आयसोलेटरची उघडी पाती हँडल फिरवून बाजूला करायची. "क्रम चुकलीस ना बुटके, तर वीज नातंगोतं बघत नाही," म्हणायचा.

तीन वर्षांपूर्वी तो बाहेर यार्डात यंत्रांपाशी होता, ती आत कंट्रोल रूममध्ये. पॅनेलवर हिरवा दिवा लागला, म्हणजे ब्रेकर उघडला, प्रवाह तुटला. तिने वॉकीटॉकीवर सांगितलं, "उघडला ब्रेकर, दादा."

दिवा खोटा होता. ब्रेकरच्या तीन खांबांपैकी एक आतून चिकटलेला, त्यातून प्रवाह चालूच.

दादाने हँडल फिरवलं...

चार दिवस दवाखान्यात होता. घसा भाजलेला. जाताना एक शब्दही बोलू शकला नाही.

चौकशीत तिच्यावर ठपका आला नाही. तिने मात्र स्वतःला कधी माफ केलं नाही.

त्या मंगळवारी यार्डात ती होती. आत पॅनेलवर निवृत्तीला टेकलेले एक ऑपरेटर, सगळ्यांचे काका. ब्रेकर धाडकन वाजला. काकांनी कळवलं, उघडलाय. तिन्ही खांबांवरच्या खुणा डोळ्यांनी बघायच्या, हा दादानंतरचा नियम. पण खुणांवरच्या काचांवर ऊन चमकत होतं. तिने बघितल्यासारखं केलं आणि हँडलला हात घातला.

वॉकीटॉकी खरखरली.

मग खरखर थांबली. यार्डातली कायमची गुणगुणही थांबली...

"थांब, बुटके. अजून उघडला नाही."

तिने हँडल सोडलं.

बाजूला सरकून तिने वर पाहिलं. एक खूण हिरवी. दुसरी हिरवी.

तिसरी... लाल.

काकांनी मागच्या केंद्राला सांगून तिथूनच पुरवठा बंद करवला. कुणाला साधं खरचटलंही नाही. मग तिने काकांना विचारलं, थांब असं तुम्ही म्हणालात का?

"मी फक्त उघडलाय म्हणालो. पण नंतरचं मीही ऐकलं, पोरी."

काकांनी वॉकीटॉकी बंद करून टेबलावर ठेवला.

संध्याकाळी ती वहिनीकडे गेली. वहिनीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. घाबरली नाही, रडली नाही. एवढंच विचारलं, "दुखत होतं का गं त्यांना?"

ती म्हणाली, नाही वहिनी. आवाज अगदी पूर्वीसारखा होता.

वहिनीला त्या रात्री म्हणे कितीतरी दिवसांनी झोप लागली.

खरं काय ते तिने परवा मला सांगितलं. आवाज भाजलेला होता. एकेक शब्द तो ओढून काढत होता...

तीन वर्षांनंतरही.