पट्ट्यांची जोडी

उंब्रजच्या पिठाच्या गिरणीत नाथाजीने अंजनाचा हात अंगठ्याने दाबला, त्यातून त्याला मिळणार काय होतं? शिव्या. फार तर एक मुस्काटात. मिल्ट्री दवाखान्यातला हा नर्सिंगवाला, एकाहत्तरच्या लढाईतले जखमी बांधून दमलेला, बहिणीकडे रजेवर आला होता. खावं, झोपावं. पण पीठ घेताना शेजारणीचा सुजलेला हात दिसला आणि राहवलं नाही.

"लाज न्हाई वाटत?" अंजना कडाडली.

"दाबल्याचा खड्डा बघा. वर येतोय का? कशानं झालं?"

"उसाचं पान कापलं, ताप आला, सूज ऱ्हायली. सा म्हैने झाले. झालं समाधान?"

तो हसला... आणि तिला आणखीच राग आला.

रागाला काय तोटा? तिच्या आईने, म्हणजे राहीबाईने, बिब्बा घालून कातडी जाळली होती. आता शनिवारी तापल्या विळ्याने डागायचं ठरलं होतं, कारण रविवारी मलकापूरचे पाहुणे बघायला येणार होते.

नाथाजी बहिणीला पुढे घालून दारात उभा राहिला. "मावशी, डागू नका. कातडी फुटली तर सूज दुप्पट हुईल." ट्रंकेतून त्याने गणवेशातली, पायाला गुंडाळायची लोकरी पट्टी आणली होती. बोटांपासून सुरुवात केली, खाली घट्ट, वर सैल, वेढ्यावर वेढा. मान खाली, हाताला साबणाचा वास. बोटं कुठे म्हणजे कुठे रेंगाळली नाहीत. त्याचाही अंजनाला रागच आला.

"कवा बरा हुईल?"

"बरा... न्हाई व्हणार. काबूत ऱ्हाईल. रोज बांधायचं, हात उशीवर उंच ठेवायचा, खरचटू द्यायचं न्हाई. मिरजेच्या डाक्टरला बी दाखवा."

मिरजेच्या डॉक्टरने अक्षरशः तेच सांगितलं. परतल्यावर ती विहिरीवर नाथाजीवरच उखडली. "गावात सगळे बरा हुईल म्हणत्यात. तुमालाच खोटं बोलता आलं न्हाई व्हय?"

"आलं असतं. पण तुमच्याशी..." तो घागरीकडे बघत म्हणाला, "न्हाई जमलं."

डागणं टळलं, पट्टीने सूज उतरू लागली, पण रविवारी आई म्हणाली, "अंजे, पट्टी सोड, पदराखाली हात घे. लगीन झाल्यावर कळंल त्यांना."

"आन कळल्यावर मला कुठं ठिवणार? माळ्यावर?"

पट्टी बांधलेल्या हातानेच तिने चहा नेला. नवऱ्या मुलाचा मामा मिशीत हसला. "पोरगी मिल्ट्रीत भरती झालीया काय?"

"व्हय. आन ही पट्टी जलमभर सुटायची न्हाई. जमतंय का बघा."

पाहुण्यांनी चहा संपवला आणि चपला शोधल्या.

रजेच्या शेवटच्या दिवशी नाथाजी आला. "टोक दातात धरा, दुसऱ्या हातानं वेढा द्या. हां, आलं की! आता माझी गरज न्हाई."

अंजनाने दातातलं टोक थू करून टाकलं. "ढिली बसली."

"चांगली बसलीया."

"ढिलीच हाय म्हणते ना! जायच्या दिवशी शिकवाय सुचलं, एकटीनं कसं बांधायचं ते. दोघांनी बांधायचं कवा शिकवणार?"

तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र भांडणाचा. नाथाजीने पट्टी उचलली, झटकली, पुन्हा बोटांपासून बांधायला घेतली. फार हळू. मनगटाशी यायलाच त्याला एवढा वेळ लागला की राहीबाईने आतून भांडं आपटलं.

"पुढच्या रजेला..." तो म्हणाला.

"येताना हात हलवत येऊ नका."

आता हिशोब. मलकापूरवाल्यांचा गेला एक दिवस, पण चहा मिळाला. राहीबाईचा गेला जावई, पण दुसरा दिसू लागला. अंजनाची सूज निम्मी उतरली. राग होता तेवढाच आहे. पलटणीत सामान तपासलं तेव्हा नाथाजीकडे जोडीतली एक पट्टी कमी निघाली. शिक्षा झाली: सात दिवस पाठीवर ओझं बांधून मैदानाला फेऱ्या. तिसऱ्या दिवशी तिचं पत्र आलं: 'तुमच्याकडची एक पट्टी बिनकामाची. घेऊन या. इथं धुतल्यावर बदलाया लागती, आन बांधाया माणूस बी.'

भरलं ते सगळं नाथाजीनेच. उरलेले चार दिवस तो हसत पळत होता, म्हणून हवालदाराने आणखी दोन वाढवले.