कपाळावरचा जंतू

इंदूबाई भाजीची पाटी घेऊन दारात आल्या की आधी भाव व्हायचा आणि मग भांडण. त्या दिवशी मात्र त्यांनी वालाच्या शेंगांची पाटी उतरवली आणि भाव न सांगताच पदर डोळ्यांना लावला. मधू टिपणीस घाबरलाच. आजवर या बाईने भांडण कधी अर्ध्यावर सोडलं नव्हतं.

"वैनी हायेत का? ही माजी भाची, संजना. हिची नोकरी चाललीय. तुमी लग्नाच्या पोरांची चौकशी करता ना? मंग हिची बी करा."

कर्जतमध्ये उमा टिपणीसची खाजगी गुप्तहेर म्हणून पाटी होती, पण कामं बहुतेक नवऱ्यामुलांचीच येत. बँकेतून निवृत्त झालेला तिचा नवरा मधू गाडी चालवायचा आणि अंदाज बांधायचा. त्याचे अंदाज इतके खात्रीने चुकत, की उमाला त्यांचा फार उपयोग होई.

"रडू नकोस गं," उमा संजनाला म्हणाली. "पहिल्यापासून सांग."

"खालापूरच्या बाजूला औषधाची कंपनी आहे ताई, तिथे उत्पादनात आहे मी. मोठ्या टाकीत जिवंत पेशी वाढवतो, त्या औषध बनवतात. विरजणासारखंच काम. पण परका जंतू शिरला की सगळं फेकून द्यायचं. मागच्या आठवड्यात टाकी नासली."

"आणि बिल तुझ्या नावावर फाटलं?"

"त्या सकाळी आत आम्ही तिघंच होतो. नवीन मीच. शिवाय जंतू निघाला मातीतला, आणि आमचं घर मळ्यात. सोमवारी मला कायम करणार होते. आता काढणार म्हणतात."

"बारावीपास्नं रात रात जागून शिकली पोर," इंदूबाई म्हणाल्या. "चोरी नाय, चहाडी नाय. मातीत राहतो, ह्यो काय गुना झाला?"

मधूलाही राग आला. त्याने तिथल्या तिथे गाडीची किल्ली उचलली.

कारखान्याचे प्रमुख सौमित्र यांना उमाला नाही म्हणणं शक्यच नव्हतं. त्यांच्या मुलीला, सानवीला, सांगून आलेल्या स्थळाची पुण्यात आधीच एक बायको आहे, हे उमानेच शोधलं होतं. त्यांनी दोघांना एका जाड काचेपाशी नेलं. आत साफसफाई चालली होती. माणसं नखशिखान्त पांढऱ्या कपड्यांत, दिसत होते ते फक्त डोळे.

"यांतला कोण कुणाचा नवरा, बायकोलाही कळायचं नाही," मधू म्हणाला.

"हात असे छातीशी का धरलेत सगळ्यांनी?" उमाने विचारलं.

"नियमच आहे. सगळ्यांत शेवटी हातमोजे चढवायचे, त्या शेवटच्या दारातून आत जायचं आणि हात कुठेही लावायचे नाहीत."

दारासमोर फरशीवर ठसठशीत पांढरी रेषा होती. उमा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"जंतू सापडला कुठे कुठे?"

"टाकीत. दारापाशी फरशीवर. आणि गंमत म्हणजे एका वापरलेल्या टोपीवर, अगदी कपाळाशी. टोपी कुणाची ते कळत नाही, सगळ्यांचे कपडे एकाच पेटीत पडतात. पण टोपी काही टाकीला लागत नाही. म्हणून तो मुद्दा आम्ही सोडला."

"हातमोज्यांवर स्पिरिट मारत असाल ना?"

"मारतो. पण हा जंतू कवच धरून बसतो. स्पिरिटला भीक घालत नाही."

मधूचा चेहरा उजळला. "म्हणजे कुणीतरी फरशीवर तोंडघशी पडलं!"

"मग टेंगूळ आलं असतं, मधू," उमा म्हणाली. पण तिने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं, आणि मधूला उगाचच बरं वाटलं.

आधी आला वरद, तरुण इंजिनियर. टाकीचा सेन्सर त्याने बसवला होता.

"माझ्या कामात चूक नाही," तो आल्या आल्या म्हणाला. "दुरुस्तीसाठी काम बंद होतं, त्या शटडाऊनमध्ये बाहेरचे मजूर येऊन गेले, त्यानंतर सगळी जागा मी स्वतः धुऊन घेतली. दारापुढची ती रेषासुद्धा मीच मारून घेतली. लोकांना आपण कुठून आत शिरतो याचं भान राहावं म्हणून."

"मग शटडाऊननंतर आत गेलेले पहिले तुम्ही तिघं?"

"हो. त्याच दिवशी टाकी नासली. संजनाने नळी जोडली होती. पुढचं तुम्हीच ओळखा."

मग राजेश घारे आला. पाळीतला सर्वांत अनुभवी माणूस. टाकीतून नमुना त्यानेच काढला होता. उंचापुरा गडी, पण घसा पार बसलेला आणि पँटच्या आतून गुडघ्याची पट्टी फुगलेली.

"सर्दी झालीय का?" उमाने विचारलं.

"छ्या! नाकाला काय नाय झालं. घसाच गेलाय."

"आणि गुडघा? पडलात?"

"पडलो नाय ताई, पाडलं!" राजेश हसला. मग गंभीर झाला. "संजनाला मी शिकवलंय. तिचे हात माज्यापेक्षा चोख हायेत. तिला काढलंत तर चूक कराल, एवढंच सांगतो."

तो गेल्यावर मधू पुटपुटला, "वरदच. स्वतःची कातडी वाचवायला पोरीवर ढकलतोय."

"झालं तर," उमा उठत म्हणाली. "वरद सुटला. आता मला थोडी रांगोळी मिळेल का?"

कँटीनच्या मागच्या अंगणात तिने जमिनीवर एक सरळ पांढरी रेघ ओढली. पलीकडे टेबलावर चहा आणि गरम बटाटेवडे मांडले. मग एकेकाला बोलावलं.

वरद फोनकडे बघत आला आणि रेघ विस्कटून पुढे गेला. संजनाने रांगोळी मोडू नये म्हणून अलगद उडी मारली.

राजेश आला. रेघेपाशी क्षणभर थांबला, वाकला, उजव्या हाताची बोटं जमिनीला लावून कपाळाला लावली आणि सरळ वड्यांकडे गेला.

"राजेशभाऊ, आत्ता काय केलंत?" उमाने विचारलं.

"कुठं काय? वडा घेतला."

सौमित्र उठून रेघेपाशी आले. मधूच्या हातातली चटणी हातातच राहिली.

"फरशीवरचा जंतू कपाळावर कसा जाईल?" उमा म्हणाली. "पाय नेणार नाहीत. माणूस पडलेला नाही. म्हणजे हातानेच नेला. जमिनीला लागून कपाळाला लागतो तो हात नमस्काराचा. पण दाराला नमस्कार कोण करेल? दार जुनंच आहे. नवी आहे ती रेषा, आणि टाकी नासली तीही रेषा आल्यानंतरच्या पहिल्याच दिवशी. मग पांढरी रेषा दिसली की आपोआप वाकणारा माणूस कोण? सर्दी नसताना ज्याचा घसा बसतो आणि जो पडत नाही, पाडला जातो."

"कबड्डीवाला!" संजना ओरडली आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला.

"दहिवलीला सामने चालू हायेत," राजेश हळूच म्हणाला. "रोज संध्याकाळी खेळतो. मैदानात पाऊल टाकायच्या आधी..." त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "त्याच हातानं नमुना काढला मी."

"मजुरांच्या पायांनी आलेली माती धुण्यातून उरली, ती रेषेपाशी तुमच्या बोटांना लागली. स्पिरिटने काही झालं नाही. चेहऱ्यावर गुन्हा शोधून सापडणार नव्हता. केलेल्यालाच तो माहीत नव्हता."

राजेशच्या डोळ्यांत पाणी आलं. "साहेब, माजं नाव लावा. पोरीला सोडा. बोललो होतो ना, तिचे हात माज्यापेक्षा चोख हायेत."

सौमित्रांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "रेषा आम्ही मारली, राजेश. चूक आमचीही आहे. कुणीही जाणार नाही. संजना, सोमवारी तुझं पत्र घेऊन जा." वरदने मान खाली घालून स्वतःच्या बशीतला वडा संजनाच्या बशीत ठेवला. माफी मागायची त्याची हीच रीत असावी.

"पण सवय कशी जायची?" राजेशला अजून धास्ती होती. "रेषा पुसाल, पण उंबरा दिसला तरी हात खाली जाईल माजा."

"घालवू नका. तुमचा नियम काय, हात छातीशी धरायचे. मग तिथेच जोडा की. नमस्कार उभ्यानेही पोचतो."

नव्या टाकीच्या दिवशी सौमित्रांनी मुद्दाम दोघांना बोलावलं. काचेपलीकडे दोन पांढऱ्या आकृत्या दारापाशी आल्या, एक उंच आणि तिच्यामागे एक ठेंगणी. उंच आकृतीचा खांदा सवयीने खाली झुकला. ठेंगणीने लगेच काहीतरी म्हटलं. काचेतून ऐकू आलं नाही, पण मधूला ते बरोबर कळलं. उंच आकृती ताठ झाली, हात छातीशी जोडले आणि आत गेली.

या वेळी मधूने अंदाज बांधला की टाकी छान निघेल. उमा जरा दचकली, पण तो अंदाज मात्र खरा ठरला.